रशियन शक्तिवीरांची आठवण

महोदय,

रशियन शक्तिवीरांचा विषय निघाला, की आपल्याकडची चर्चा उत्तेजकांपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. 2016 च्या रिओ ऑलिम्पिकमधून रशियाचा भारोत्तोलन संघच वगळला गेला, त्यामुळे हा आक्षेप निराधार नाही. पण त्यापायी युरी व्लासोव यांच्यासारखा माणूस विस्मरणात जावा, याचे फार वाईट वाटते. 1960 मध्ये रोमला चष्मा लावूनच मंचावर उतरलेल्या या अभियंत्याने तेव्हाच्या तीन प्रकारांत मिळून 537.5 किलो वजन उचलून सुवर्णपदक जिंकले आणि पुढे लेखणी हाती धरली.

शाख्ती या कोळसा खाणींच्या गावात सराव करणारे वासिली अलेक्सेयेव 1970 मध्ये एकूण 600 किलोंचा टप्पा गाठणारे पहिले ठरले. 80 जागतिक विक्रम नावावर असलेल्या या माणसाचे 1980 मध्ये मॉस्कोत, घरच्या प्रेक्षकांसमोर, स्नॅचचे, म्हणजे वजन एका झटक्यात डोक्यावर उचलण्याचे, तिन्ही प्रयत्न फसले. तो क्षण मला त्यांच्या विक्रमांइतकाच मोलाचा वाटतो.

एक विनंती. किरिल सारिचेव यांनी 2015 मध्ये बेंच प्रेसमध्ये 335 किलो उचलले, ते पॉवरलिफ्टिंगमध्ये. तिथे स्क्वॉट, बेंच प्रेस आणि डेडलिफ्ट असतात, तर ऑलिम्पिकमधील भारोत्तोलनात आता स्नॅच आणि क्लीन अँड जर्क (वजन आधी खांद्यांवर आणि मग डोक्यावर नेणे) हे दोनच प्रकार. बातम्यांत या दोन्ही खेळांची सरमिसळ होते. किलोंच्या आकड्यासोबत प्रकाराचे नावही छापावे.

– एक वाचक, कोल्हापूर