शस्त्रक्रियेनंतरची रात्र

संपादक महोदय,

शस्त्रक्रिया यशस्वी झाली की श्रेय शल्यचिकित्सकाला मिळते, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या रात्री रुग्णाच्या श्वासाची गती मिनिटाला १६ वरून २६ वर गेल्याचे प्रथम लक्षात येते ते परिचारिकेच्या, आणि बहुधा रक्तदाब घसरण्यापूर्वीच दिसणारी ही धोक्याची खूण पूर्ण मिनिटभर श्वास मोजल्याशिवाय नेमकी कळत नाही. (मॉनिटरवरील आकडा नेहमीच विश्वासार्ह नसतो.) कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्णाचे डोके ३० ते ४५ अंश उंच ठेवणे, ठरावीक वेळाने कूस बदलणे, लघवीचे प्रमाण दर तासाला नोंदवणे ही कामे, एकाच परिचारिकेकडे चार अत्यवस्थ रुग्ण सोपवल्यास, केवळ कागदावरच पूर्ण होतात. श्वसनयंत्रावरील प्रत्येक रुग्णामागे स्वतंत्र परिचारिका हवी.

– एक निवृत्त परिचारिका