स्नायूचे माप कोणत्या सॉफ्टवेअरने काढले, हेही नोंदवावे

मा. संपादक,
स. न.

उतारवयातील स्नायूंची झीज, म्हणजे सार्कोपेनिया, आणि अतिदक्षता विभागातील रुग्णांचे झपाट्याने रोडावणारे स्नायू मोजण्यासाठी सोनोग्राफीचा वापर वाढतो आहे, ही समाधानाची गोष्ट आहे. या तपासणीत किरणोत्सर्ग नाही, खर्च एमआरआयपेक्षा कमी येतो आणि ती खाटेपाशीच करता येते. यंत्राचा गेन (प्रतिध्वनी किती वाढवून दाखवायचा) किंवा डेप्थ (किती खोलवर पाहायचे) बदलली की चित्र बदलते, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. परंतु चित्र संगणकावर घेऊन ज्या सॉफ्टवेअरने मोजले जाते, त्याची चौकशी क्वचितच होते, असे फिजिओथेरपीच्या अध्यापनात मला वारंवार दिसते.

सर्वच मापांना सॉफ्टवेअरचा सारखा फटका बसत नाही. स्नायूची जाडी म्हणजे दोन आवरणांमधील अंतर. किती पिक्सेल म्हणजे एक सेंटीमीटर हे प्रमाण नीट दिले, तर ती कोठेही मोजली तरी जवळपास तेवढीच भरते. तंतुगुच्छांच्या, म्हणजे स्नायूतील तंतूंच्या जुडग्यांच्या, लांबीचे मात्र तसे नाही. मांडीच्या बाहेरील अंगाच्या वास्टस लॅटरॅलिस स्नायूतील तंतुगुच्छ बहुधा प्रोबच्या, म्हणजे त्वचेवर टेकवायच्या उपकरणाच्या, रुंदीपेक्षा लांब असतात, त्यामुळे चित्रात त्यांचा काही भागच येतो आणि उरलेली लांबी गणिताने काढावी लागते. त्यासाठीच्या साध्या सूत्रात जाडीला तिरपेपणाच्या (तंतुगुच्छ व स्नायूचे आवरण यांमधील) कोनाच्या साइनने भागतात. जाडी 2 सेंटीमीटर आणि कोन 15 अंश असेल तर लांबी 7.7 सेंटीमीटर येते. कोन 17 अंश धरला तर तीच 6.8 सेंटीमीटर होते. केवळ दोन अंशांनी लांबी अकरा टक्क्यांहून अधिक घटली! इमेजजे या चित्रे मोजण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये हाताने रेषा ओढणारा माणूस डोळ्यांना ठळक दिसणारे एक-दोन तंतुगुच्छ निवडतो, त्याच इमेजजेवर चालणारा एसएमए हा मॅक्रो, म्हणजे छोटा स्वयंचलित प्रोग्राम, चित्रभर पसरलेल्या तंतूंची प्रमुख दिशा शोधतो, तर डीएल-ट्रॅकसारखे प्रोग्राम आधी शिकवलेल्या चित्रांच्या आधारे तंतू ओळखतात. या पद्धती मुळात एकच गोष्ट मोजत नाहीत, मग आकडे तंतोतंत जुळावेत कसे? शिवाय स्वयंचलित प्रोग्राम धूसर चित्रावरही बिनदिक्कत रेषा ओढून देतो, ही माझ्या मते त्याची सर्वांत धोक्याची सवय आहे.

स्नायूच्या उजळपणाचा, म्हणजे एको इंटेन्सिटीचा, प्रश्न याहून नाजूक आहे. स्नायूत मेद व तंतुमय ऊती वाढल्या की तो चित्रात पांढुरका दिसतो, आणि हा पांढुरकेपणा 0 ते 255 या पट्टीवर सरासरीने सांगितला जातो. रंगीत स्वरूपात साठवलेले चित्र करड्या छटांत बदलताना इमेजजे मूळ नियमानुसार लाल, हिरवा व निळा यांची सरळ सरासरी घेते. फोटोशॉपमध्ये मात्र त्या वेळी निवडलेल्या रंग-प्रोफाइलप्रमाणे पिक्सेलचे मूल्यच बदलू शकते. मोजायचा भाग आखताना कडेचे पांढरे आवरण थोडेसे आत आले, तरी सरासरी वर चढते.

2013 साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अतिदक्षता रुग्णांच्या मांडीच्या पुढील भागातील रेक्टस फिमोरिस स्नायूचे छेदक्षेत्र दहाव्या दिवसापर्यंत सरासरी 17.7 टक्क्यांनी घटल्याचे आढळले होते. एवढी घट सहसा कोणत्याही पद्धतीत दिसेल. परंतु काही आठवड्यांच्या व्यायामाने झालेला थोडासा फरक मात्र आधी एका आणि नंतर दुसऱ्या प्रोग्रामने मोजल्यास सुधारणेचा आहे की सॉफ्टवेअरचा, हे सांगता येणार नाही.

म्हणून माझी विनंती अशी की, स्नायूमापनाच्या प्रत्येक अहवालात सॉफ्टवेअरचे नाव, आवृत्ती आणि मोजायचा भाग कसा आखला हे नमूद करावे, एका रुग्णाची सर्व मापे एकाच पद्धतीने घ्यावीत आणि इतरांचे प्रमाण-आकडे वापरण्यापूर्वी ते कोणत्या प्रोग्रामने काढले आहेत, हे पाहावे. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने पदव्युत्तर प्रबंधांसाठी ही माहिती सक्तीची करावी. इमेजजे विनामूल्य असल्याने खर्चाची सबब येथे चालणार नाही. मूळ चित्रे मात्र यंत्रातून निघाली तशीच, जेपीईजीमध्ये न दाबता जपून ठेवावीत, म्हणजे पुढे पद्धत बदलावी लागली तरी जुनी चित्रे नव्याने मोजता येतील.

आपली विश्वासू,
फिजिओथेरपीची एक अध्यापिका, पुणे