शेकोटीचा फोटो आणि द्राक्षबागेतली थंडी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

निफाडचा पारा घसरला की सगळ्याच पेपरांत एक फोटो हमखास येतो. पहाटेचा अंधार, दोन ओळींच्या मध्ये भडकलेली शेकोटी, शेजारी कानटोपी घातलेला शेतकरी, आणि खाली ‘बाग वाचवण्यासाठी शेकोट्यांचा आधार’. फोटो चांगलाच असतो. पण तो पाहून दुसऱ्या रात्री शेजारच्या गावात जुने टायर पेटतात, म्हणून हे पत्र.

आधी आपल्याकडची थंडी नेमकं काय करते ते पाहू. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर मोजलेला जो आकडा बातमीत येतो, तो गव्हाला मानवतो. द्राक्षाचा वेल मात्र १० अंशांच्या खाली वाढीचं काम जवळपास थांबवतो. मुळं गारठली की पाणी आणि अन्न उचलत नाहीत, मण्यांची फुगवण रखडते. डिसेंबर २०१८ सारखं दव गोठून पानं काळी पडणं क्वचित घडतं. नेहमीचं नुकसान असं दिसत नाही. सहा-सात अंशांच्या आठ-दहा रात्री गेल्या की मणी बारीक राहतात, हिरव्या जातीत गुलाबी होतात किंवा तडकतात. व्यापारी दर पाडतो तो यावर.

आता शेकोटी. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडत राहते. धुराची चादर ती अडवते असा समज आहे. प्रत्यक्षात धुराचे कण इतके बारीक असतात की ही उष्णता त्यांतून आरपार निघून जाते. सकाळी तोच धूर ऊन अडवतो आणि बाग तापायला उशीर होतो. म्हणजे शेकोटीत उपयोग असलाच तर तो जाळाचा, धुराचा नाही. आणि मोठ्या जाळाची गरम हवा सरळ वर निघून जाते, तिच्या जागी बाजूची गार हवा आत ओढली जाते.

करायचीच असेल तर शेकोटी गुडघ्याएवढी लहान हवी आणि एकरी तीस-पस्तीस तरी हव्यात, बागेभर पसरून, गार हवा येते त्या कडेला जरा दाट. पहाटे तीनला पेटवून ऊन येईपर्यंत जपायच्या, कारण दिवसातलं सर्वांत कमी तापमान सूर्योदयाच्या आसपास असतं. सहा वाजता विझवून घरी जाणारा नेमकी चुकीची वेळ निवडतो. सरपणाचा हिशेब मांडा. एका शेकोटीला तासाला दोन किलो म्हटलं, तर पस्तीस शेकोट्यांना चार तासांत २८० किलो लागतं. लाट चार रात्रींची धरली तर टनाच्या वर. मक्याची बुरकुंडं (दाणे काढलेली कणसं) आणि छाटणीच्या काड्या कितीही साठवल्या तरी एवढं सरपण कुणाकडे असतं? मग टायर निघतात. टायरची काजळी मण्यावरच्या पांढऱ्या मेणचट थरात बसते. ती धुऊन जात नाही, आणि पुसायला गेलं तर तो थरही निघतो. असा माल निर्यातीच्या पॅकहाउसमध्ये टेबलावरच बाजूला पडतो. थंडीने गेला नसता तो घड टायरने जातो.

एक खूण उपयोगी पडते. धूर सरळ वर चढून ठरावीक उंचीवर आडवा पसरत असेल, तर वर गरम हवेचा थर आहे आणि लहान जाळांची ऊब काही प्रमाणात खाली राहील. उत्तरेचा वारा चालू असेल तर काडीपेटी खिशातच ठेवा.

खरी ऊब जमिनीत असते. ओली, दाबून बसलेली, तण नसलेली जमीन दिवसा ऊन साठवते आणि रात्री सावकाश परत देते. कोरड्या भुसभुशीत मातीत हवा भरलेली असते, तिच्यात ऊन खाली उतरतच नाही. म्हणून लाटेच्या तोंडावर रोटाव्हेटर फिरवू नये. दोन ओळींमधलं गवत मात्र काढावं, कारण त्याच्या सावलीने जमीन तापत नाही. उसाच्या पाचटाचं आच्छादन मुळांना ऊब देतं, वर लटकलेल्या घडाला नाही. आठ-नऊ अंशांच्या रात्री ते राहू द्या, पारा चारच्या खाली जाणार असेल तर मधल्या पट्ट्यातलं तेवढं बाजूला ओढा.

पाणी कधी द्यायचं यावर गावोगावी वाद आहे. ‘पहाटे ठिबक सोडा’ हा सल्ला अर्धाच खरा. हिशेब करून पाहा. ९ बाय ५ फुटांच्या लागवडीत एकरी ९६८ झाडं बसतात. झाडाला चार लिटरचे दोन ड्रिपर असले तर तासाला साधारण ७,७०० लिटर पाणी पडतं. विहिरीचं पाणी हिवाळ्यातही २४-२५ अंशांचं असतं. ते ८ अंशांपर्यंत निवताना जी उष्णता देतं, ती ३७-३८ किलो वाळक्या लाकडाएवढी असते, आणि ती जमिनीतच राहते. पण रात्रभरात एकरभर जमीन आकाशाकडे जे सोडते त्याच्या दहावा हिस्सासुद्धा हे भरत नाही. शिवाय संध्याकाळी जमिनीचा वरचा थर भिजवला तर त्यातून होणारं बाष्पीभवन रात्री जमीन आणखी गार करतं. म्हणून मुख्य पाणी लाट येण्याच्या एक-दोन दिवस आधी, सकाळी दहा ते दुपारी दोनच्या दरम्यान द्यावं. ओल वीतभर खाली जाऊन वरचा थर उन्हाने तापला पाहिजे. पहाटेचं पाणी ही वरची भर. तेही थेट विहिरीचं द्या. शेततळ्याचं पाणी उघड्या आभाळाखाली रात्रभर निवलेलं असतं, त्याने उलट मुळं गारठतात.

ठिबकने फक्त बोद, म्हणजे वेलीखालचा मातीचा उंचवटा, भिजतो, मधला पट्टा कोरडाच राहतो. तोही भिजवावा तर चिखलात ट्रॅक्टर रुततो आणि त्यामागच्या ब्लोअरची फवारणी थांबते. एकाआड एक पट्टा भिजवणं हा त्यातल्या त्यात बरा तोडगा.

यातही एक गोची आहे. मण्यात पाणी उतरल्यावर, म्हणजे मणी मऊ पडून गोडी धरू लागल्यावर, सढळ पाणी दिलं की मणी तडकतात. थंडीत पानांतून पाणी कमी उडतं. मुळांनी उचललेलं पाणी मण्यात जातं आणि गारठलेली साल ताणत नाही. आधी आठवडाभर पाणी तोडून बाग ताणावर ठेवून थंडीच्या बातमीने घाबरून एकदम तीन तास ठिबक चालवणाऱ्याच्या बागेत तिसऱ्या दिवशी देठाजवळ तडे दिसतात, तिथे माश्या येतात आणि घड कुजायला लागतो. पाणी उतरण्याआधी एका वेळी तासभर, उतरल्यानंतर वीस-तीस मिनिटं, पण नेमाने. ताण तोडायचा असेल तर दोन-तीन दिवसांत हळूहळू.

हे सगळं मोटारीची थ्री-फेज वीज कधी मिळते यावर अडतं. दुपारी पाणी द्यायचं कळतं, पण त्या आठवड्यात वीज रात्रीच्या पाळीत असते. मग ऐन थंडीत, उसात बिबट्या असताना, माणूस बॅटरी घेऊन मोटार चालू करायला जातो. थंडीच्या लाटेचा इशारा निघाला की त्या चार-पाच दिवसांपुरती शेतीची वीज दिवसा फिरवावी. त्यासाठी नवी योजना लागत नाही, वेळापत्रक बदलावं लागतं.

थॉमसन, तास-ए-गणेश या हिरव्या जातींना सर्वांत महाग पडते ती पिंक बेरी. रात्री पारा एक आकडी, दुपारी तीसच्या जवळ, आणि मण्यात नेमकं पाणी उतरतंय अशी गाठ पडली की हिरवा मणी गुलाबी छटा धरतो. चवीला काही होत नाही, पण निर्यातीला तो माल चालत नाही. १० ऑक्टोबरच्या आसपास छाटलेल्या बागेत साधारण नव्वद दिवसांनी, म्हणजे जानेवारीच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाणी उतरतं. थंडीही तेव्हाच भरात असते. उपाय जुनाच आहे, घड कागदात झाकायचे. रंग यायला थंडीबरोबर उजेडही लागतो, तो कागद अडवतो.

त्यासाठी रद्दीच वापरली जाते, तेव्हा संपादक महोदय, आपला अंक जानेवारीत बागेत खूप वाचला जातो असं समजायला हरकत नाही. एका घडाला पेपरचं एक पूर्ण पान लागतं. झाडाला तीस घड धरले तर एकरी २९ हजार पानं, वजनाने अडीचशे किलोच्या आत-बाहेर. त्याहून जास्त खर्च मजुरीचा. पाणी उतरायच्या पाच-सात दिवस आधी काम उरकलं पाहिजे. पहिली गुलाबी छटा दिसल्यावर गुंडाळलेला कागद फुकट जातो, आलेला रंग परत जात नाही. कागद देठापाशी दुमडून पिन मारायची, देठ आवळायचा नाही, आणि खालचं तोंड दोन बोटं उघडं ठेवायचं, नाहीतर आत दमट होतं. गुंडाळण्याआधी मिलीबग (पिठ्या ढेकूण) आणि भुरी या बुरशीचं काम पुरं झालेलं हवं. नंतरची फवारणी आत पोचत नाही आणि मिलीबगला कागद म्हणजे घरच. दर आठवड्याला प्रत्येक दहाव्या झाडाचा एक घड उघडून बघा. पाऊस पडला किंवा दवाने कागद भिजून मण्यांना चिकटला तर तो काढलेलाच बरा.

भुरीबद्दल एवढंच, की गंधक थंडीत नीट काम करत नाही. त्याची वाफ व्हावी लागते आणि ती पंधरा-सोळा अंशांत होत नाही. सकाळी सातची गंधकाची फवारणी नुसती पांढरी दिसते. दव उडून ऊन चढल्यावर फवारा. जीएचं (मणी फुगवणाऱ्या जिबरेलिक ॲसिडचं) डिपिंग, म्हणजे घड द्रावणात बुडवणं, हेही घड कोरडे झाल्यावरच करा, दवात द्रावण पातळ होतं.

थंड हवा पाण्यासारखी उताराने वाहते आणि खोलगटात साचते. गोदावरी-कादवाच्या काठच्या सखल बागा माळावरच्या बागांपेक्षा दोन-तीन अंशांनी सहज गार असतात. खालच्या अंगाला उंच बांध किंवा जमिनीपर्यंत शेडनेट असेल तर ही हवा बागेत कोंडते. नेट खालून दोन-अडीच फूट गुंडाळून ठेवलं की तिला वाट मिळते. वरच्या अंगाला मात्र ते जमिनीला टेकलेलं हवं. बागेवर ताणलेल्या पातळ प्लॅस्टिकवर भरवसा नको. ते पावसाला अडवतं, रात्रीच्या उष्णतेला फारसं नाही. बागेतल्या सर्वांत सखल जागी, घडाच्या उंचीवर, वर छोटा आडोसा करून एक कमाल-किमान तापमापी टांगा. बातमीतल्या आकड्यात आणि आपल्या बागेत किती फरक पडतो ते चार रात्रींत कळतं. फळपीक विम्याची भरपाई महसूल मंडळातल्या संदर्भ हवामान केंद्राच्या आकड्यावर ठरते, आपल्या तापमापीवर नाही. तरी तक्रार करताना हातात रोजची नोंद असलेली बरी.

बागेत थिनिंग (घडातले मणी विरळ करणं) आणि तोडणीसाठी पेठ-सुरगाण्याकडून येणारे मजूर याच थंडीत ताडपत्रीच्या पालात किंवा पॅकिंगच्या शेडमध्ये झोपतात. रात्री घमेल्यात निखारे घेऊन दार लावून घेणं जिवावर बेततं. निखाऱ्यांच्या विषारी वायूला वास नाही, रंग नाही, आणि आधी येते ती फक्त डोकेदुखी आणि झोप. निखारे झोपण्याआधी बाहेर काढून विझवावेत, पालाला समोरासमोर दोन फटी असाव्यात. थंडी जास्त खालून लागते, म्हणून गोधडीखाली अर्धा फूट गव्हाचं काड किंवा पाचट आणि त्यावर गोणपाट घालावं. हे मालकाने पुरवायचं आहे, त्याला खर्च जवळपास नाही.

शेवटी आपल्याला एक विनंती. ‘हंगामातील नीचांक’ छापून येतो तो काल पहाटेचा. तोपर्यंत पाणी देण्याची वेळ टळलेली असते. हवामान विभागाचा किमान तापमानाचा अंदाज दोन-तीन दिवस आधी, तालुकावार, वाऱ्याची दिशा आणि संध्याकाळची आर्द्रता यांसह पहिल्या पानावर छोट्या चौकटीत द्यावा. आर्द्रता यासाठी, की संध्याकाळी सातलाच पान हाताला ओलं लागलं तर रात्र सावकाश निवते. हवा कोरडी असेल तर पारा झपाट्याने उतरतो, आणि त्या रात्री झोपायचं की जागायचं हे त्यावरूनच ठरतं.

आपले,
द्राक्ष बागायतदार, निफाड तालुका