सफरचंदाचं कलम घेताना आधी खुंट विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

थंडी पडू लागली की खानदेशात सफरचंदाच्या कलमांची विक्री जोर धरते. आठवडे बाजारात पिशव्या मांडल्या जातात, मोबाइलवर जाहिराती फिरतात. गिऱ्हाईक बिचकलं की विक्रेत्याचं वाक्य ठरलेलं असतं: "कॅनडात उणे चाळीसमध्ये सफरचंद येतं, मग आपल्याकडे अधिक चाळीसमध्ये का नाही?" टाळी घेणारं वाक्य आहे. पण कॅनडाच्या प्रेअरीत, म्हणजे अल्बर्टा, सास्काचेवान आणि मॅनिटोबा या गवताळ सपाट प्रांतांत, कोणतं सफरचंद येतं आणि कशाच्या जोरावर येतं, हे त्यात गाळलेलं असतं.

तिथे उघड्या रानात विनाआडोसा टिकणारे वाण वेगळेच आहेत: गुडलँड, नॉरकेंट, हेयर १२. मॅनिटोबातल्या मॉर्डनच्या संशोधन केंद्रासारख्या ठिकाणी थंडीत झाडं मरू देऊन, उरलेल्यांतून निवडलेली ही मंडळी. आपल्या बाजारात दिसणारी गाला आणि फुजी तिथे नाजूक ठरतात. मिनेसोटा विद्यापीठाने १९९१ साली आणलेला हनीक्रिस्प त्यांच्यापेक्षा काटक, तरी प्रेअरीच्या उघड्या वाऱ्यात त्याच्याही फांद्या जळतात.

उणे चाळीस हा आकडा उगीच आलेला नाही. थंडीला सरावलेल्या फांदीत पेशींबाहेरचं पाणी गोठतं, त्याने फारसं बिघडत नाही. लाकडाच्या पेशींतलं पाणी मात्र शून्याच्या खूप खाली जाऊनही न गोठता द्रवच राहतं. साधारण उणे चाळीसला ही सवलत संपते, पाणी एकदम गोठतं आणि लाकूड आतून तपकिरी पडतं. नाजूक वाणांचा घात बहुतेकदा त्याच्याही आधी होतो. दिवस लहान होऊन गोठवणारं हलकं दंव पडू लागलं तरी त्यांची वाढ थांबलेली नसते. ऑक्टोबरात हिरवी पानं मिरवणारं झाड पहिल्याच कडक लाटेत सापडतं.

म्हणून तिथले जाणकार जूनअखेरनंतर नत्र देत नाहीत आणि ऑगस्टच्या मध्यापासून पाणी कमी करतात. माती गोठण्याच्या तोंडावर एकदाच भरपूर पाणी देतात, कारण कोरडी माती लवकर आणि खोलवर गोठते.

नाजूक वाण खायचाच असेल तर सर्वांत खात्रीची युक्ती खुंटाची, म्हणजे ज्या मुळाच्या झाडावर कलम बांधतात त्याची, आणि ती आपल्याला परकी नाही. रानबोरीवर उमराणचा किंवा मेहरूणचा डोळा भरणाऱ्याला ती चटकन समजेल. सायबेरियन क्रॅब हे लहान, आंबट फळाचं रानटी सफरचंद किंवा रशियातलं अँटोनोव्हका आधी लावायचं. तीन-चार वर्षांत खोड आणि रुंद कोनातल्या मुख्य फांद्या तयार झाल्या की नाजूक वाणाची काडी त्या फांद्यांवर बांधायची, खोडापासून ३० ते ४५ सेंमी अंतरावर. खोड आणि फांदीचं बेचकं सर्वांत उशिरा थंडीला सरावतं आणि मार तिथेच बसतो. बेचकं काटक झाडाचं असेल तर नाजूक फांदी मेली तरी झाड मरत नाही, पुढच्या वसंतात दुसरी काडी बांधता येते.

काडी हिवाळा संपता संपता, डोळे झोपलेले असताना कापायची. पेन्सिलीएवढी जाड, दोन-तीन डोळ्यांची. ओल्या कागदात गुंडाळून ० ते ४ अंशांत ठेवायची, पण त्या फ्रिजमध्ये पिकलेली फळं नकोत, त्यांच्या वायूने डोळे मरतात. खुंटाचे डोळे फुगू लागले की पाचर कलम करायचं. दोन्हींच्या सालीखालचा हिरवा थर निदान एका बाजूने तरी जुळलाच पाहिजे. काटक झाडाच्या एक-दोन फांद्या तशाच राखायच्या, परागीकरणालाही त्या कामी येतात. यात एक खोच आहे. क्रॅबचे काही खुंट सफरचंदातल्या सुप्त विषाणूंना फार हळवे असतात. काडी विषाणूग्रस्त निघाली तर जोड धरल्यासारखा दिसतो आणि वर्षा-दोन वर्षांत खुंटासकट वाळतो. दोष मग कलम बांधणाऱ्याच्या हाताला दिला जातो.

दुसरी युक्ती बर्फाची. भुसभुशीत बर्फाची जाड चादर गोधडीसारखी ऊब धरते. हवा उणे पस्तीस असली तरी त्याखाली जमिनीलगत फार तर शून्याच्या थोडं खाली. सायबेरियात झाड तिरकं लावून फांद्या गुडघ्याच्याही खाली आडव्या बांधतात, प्रेअरीतही हौशी माळी हे करतात. बर्फाबाहेर राहिलेली फांदी जळते, आतली फुलते. पण त्याच उबेत उंदीर खोडाची साल गोलाकार कुरतडतात. त्यासाठी ६ मिमी छिद्रांच्या जाळीची नळी बर्फाच्या वर येईल इतकी उंच आणि मातीत चार बोटं दाबलेली लागते.

तिसरा मार्ग कुंडीचा: बुटक्या खुंटावरचं झाड ४०-५० लिटरच्या कुंडीत लावायचं आणि पानगळीनंतर शेगडी नसलेल्या गॅरेजमध्ये, उणे पाच ते अधिक पाच अंशांत ठेवायचं. उघड्यावर ठेवलेली कुंडी फसते, कारण मुळं फांद्यांएवढी काटक नसतात. एम-९ या प्रसिद्ध बुटक्या खुंटाची मुळं मातीचं तापमान उणे दहा-बाराला पोचलं की मरू लागतात.

एवढं करूनही दोन गोष्टी हाताबाहेरच राहतात. गोठवणारं दंव न पडणारे दिवस तिथे साधारण शंभर ते सव्वाशे, आणि फुजीला फुलापासून पिकेपर्यंत साडेपाच-सहा महिने लागतात. झाड जगवलं तरी फळ कच्चंच राहणार. दुसरी गोष्ट बहराची: उमललेल्या फुलांतली दहा टक्के उणे २.२ अंशाला जातात, नव्वद टक्के उणे ३.९ ला. दीड-पावणेदोन अंशांत हंगामाचा निकाल लागतो.

आता खानदेश. इथे झाडाला मारणारा हिवाळा नाही, त्याला झोपवणारा हिवाळाही नाही. सफरचंदाला डोळे नीट फुटण्यासाठी थंडीचे तास लागतात, जुन्या हिशेबाने ० ते ७.२ अंशांमधले. डेलिशियस वर्गाला असे हजाराच्या आसपास तास हवेत. जळगाव-धुळ्यात पारा दहाच्या खाली जाणाऱ्या रात्री थोड्या, आणि ७ च्या खाली तो राहतो पहाटेपुरता. रावेर-यावलच्या केळीला या रात्री जाचतात, विहिरीचं कोमट पाणी आणि बांधावरचा धूर तेव्हाच लागतो. सफरचंदाला मात्र त्या पुरत नाहीत. डोळे अर्धवट फुटतात, बहर दोन महिने रेंगाळतो, काडी शेंड्याला हिरवी आणि मध्ये उघडी राहते.

कमी थंडीचे वाण म्हणूनच निघाले: इस्रायलचा अ‍ॅना (२०० ते ३०० तास), बहामाचा डॉर्सेट गोल्डन आणि हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यातल्या हरिमन शर्मांचा एचआरएमएन-९९. हे खरे वाण आहेत, थोतांड नव्हे. मात्र हेच वाण प्रेअरीत सर्वांत आधी मरतील. त्यांची झोप शरदातच पुरी होते आणि कॅलगरीकडे चिनूक नावाचं कोरडं गरम वारं भर हिवाळ्यात काही तासांत वीसेक अंश चढवतं. जागं झालेलं झाड मग पुढच्या लाटेत सापडतं. कॅनडाचा दाखला देऊन अ‍ॅना विकणं म्हणजे मेंढीची लोकर दाखवून सुती गमछा विकणं.

इथे झाड फुललं तरी फळ वाढतं एप्रिल-मेच्या उन्हात. सफरचंदाच्या सालीचं तापमान ४६ ते ४९ अंशांवर गेलं की ती पिवळट-तपकिरी भाजते, ५२ च्या आसपास पेशी मरून काळा डाग पडतो. हवाच ४४ असेल तर थेट उन्हातली साल त्याच्या दहा-बारा अंश वर सहज जाते. पश्चिमेकडची फळं म्हणून आधी जातात. ३५ टक्क्यांची शेडनेट किंवा केओलिन या पांढऱ्या मातीची फवारणी, आणि फळांवर पानांची सावली राहील अशी छाटणी, एवढं केल्याशिवाय विकण्याजोगं फळ मिळणं कठीण. खोडाला प्रेअरीत आणि इथे, दोन्ही ठिकाणी पांढरा रंग लावतात. तिथे तो फेब्रुवारीच्या उन्हासाठी, दिवसा तापलेली साल सूर्य मावळताच गोठून तडकू नये म्हणून. इथे मेच्या उन्हासाठी.

पानं आपोआप गळत नाहीत, म्हणून डिसेंबरात ती हाताने काढून हलकी छाटणी करावी लागते. द्राक्षवाल्यांच्या ओळखीचं, डोळे फोडणारं रसायन हायड्रोजन सायनामाइड कुणी सुचवलं तर हातमोजे-मुखपट्टी आलीच. ते हाताळण्याच्या आदल्या-नंतरच्या दिवसांत दारूचा घोटही नको, त्रास जिवावर बेततो.

आणि आपली काळी जमीन. पावसात पाणी धरते, उन्हाळ्यात भेगाळून मुळं तोडते. एमएम-१०६ खुंट पाणी साचलं की बुडाशी कुजतो. एम-९ ची मुळं उथळ आणि ठिसूळ, त्याला आयुष्यभर काठीचा आधार लागतो. त्यांच्यापेक्षा एमएम-१११ भारी जमीन आणि पाण्याचा ताण दोन्ही बरं सोसतो. लागवड दीड फूट उंच गादीवाफ्यावर करावी, कलमाचा जोड मातीच्या वर निदान १५ सेंमी. प्रेअरीत काहीजण हाच जोड मुद्दाम मातीखाली पुरतात, फांद्या मेल्या तरी वाणाचा डोळा खालून फुटावा म्हणून. तिथला व्हिडिओ पाहून इथे जोड पुरला तर पहिल्याच श्रावणात खोड कुजेल.

तोरणमाळकडे, सातपुड्याच्या उंचीवर, रात्री गार आणि मे सौम्य. प्रयोग करायचा तर तिथे करावा, तोही अ‍ॅनाची चार-पाच आणि परागीकरणासाठी डॉर्सेटचं एक, एवढ्याच झाडांवर. तीन बहर पाहिल्याशिवाय एकरभर लावू नये. अ‍ॅनाचं फळ तोडल्यावर लवकर मऊ पडतं, म्हणजे बाजारही जवळचाच हवा.

आज पिशवीवर छापलेलं असतं ते लालबुंद फळाचं चित्र आणि 'थंड-गरम दोन्ही हवामानात'. कृषी विभागाला विनंती आहे की सफरचंदाच्या प्रत्येक कलमाच्या चिठ्ठीवर वाणाचं नाव, खुंटाचं नाव, थंडीच्या तासांची गरज, परागीकरणासाठी लागणारा जोडीदार आणि कलम बांधल्याची तारीख छापणं रोपवाटिकांना बंधनकारक करावं. ही चिठ्ठी येईपर्यंत गिऱ्हाइकाने एवढंच विचारावं: खुंट कोणता? उत्तर 'सफरचंदाचाच' असं आलं तर पैसे खिशात ठेवावेत.

आपला,
एक वाचक, शहादा (जि. नंदुरबार)