सिमेंटच्या कोर्टावर सहा आठवड्यांत झिजलेले बास्केटबॉल शूज : रक्कम परत मिळणेबाबत व संकेतस्थळावरील वर्णन दुरुस्त करणेबाबत

मिरज, जि. सांगली
दिनांक : 24 नोव्हेंबर 2025

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

संदर्भ : माझी 30 ऑगस्टची ऑर्डर, 18 ऑक्टोबरची तक्रार आणि आपली 29 ऑक्टोबरची मेल

महोदय / महोदया,

29 ऑक्टोबरला आपल्याकडून दोन ओळींची मेल आली. फोटो तपासले, ही नेहमीच्या वापरातली झीज आहे, वॉरंटीत बसत नाही, एवढंच त्यात होतं. ते मला मान्य नाही, म्हणून हे पत्र. जरा लांबलं आहे, पण शेवटपर्यंत वाचावं ही विनंती. मिरजेत माझं टायर रिमोल्डिंगचं, म्हणजे झिजलेल्या टायरवर नवं रबर चढवण्याचं, दुकान आहे, 22 वर्षं झाली. रबर कशाने झिजतं आणि किती दिवसांत झिजतं हे रोज हाताखालून जातं. पुढे जे आकडे आहेत ते मी स्वतः मोजलेले आहेत.

माझी मुलगी नववीत आहे आणि शाळेच्या 17 वर्षांखालील बास्केटबॉल संघात खेळते. शाळेचं कोर्ट उघड्यावरचं, सिमेंटचं. आधीचे शूज 3,200 रुपयांचे होते, ते नऊ महिने चालले आणि आतला फोम बसला म्हणून बदलायचे ठरले. या वेळी चांगले घेऊ, असं तिच्या मनात होतं. आजीने आणि मामाने गणपतीत हातावर ठेवलेले पैसे तिने बाजूला काढले होते, बाकीचे मी घातले आणि आपल्या संकेतस्थळावरून 9,599 रुपयांचे शूज मागवले.

मागवण्याआधी मी आपल्या चॅटवर विचारलं होतं. माझा प्रश्न असा होता : मुलगी शाळेच्या सिमेंटच्या मैदानावर आठवड्यातून पाच दिवस खेळते, हे शूज चालतील का? आपल्या प्रतिनिधीने लिहिलं, ‘हो सर, इनडोअर आणि आउटडोअर दोन्हीकडे चालतात, काळजी करू नका.’ शूजच्या पानावरही ‘सर्व प्रकारच्या कोर्टसाठी’ असंच लिहिलं होतं. दोन्हींचे स्क्रीनशॉट सोबत जोडले आहेत. माझी सगळी तक्रार या दोन वाक्यांबद्दल आहे.

3 सप्टेंबरला शूज आले आणि 4 तारखेपासून ती ते घालून खेळू लागली. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत सहा आठवडे होतात. त्यातले पावसाने आणि शेवटी दुखापतीने (तिच्याबद्दल पुढे लिहितो) बुडालेले दिवस वजा केले तर सराव भरले 23. एक सराव दीड तासाचा. म्हणजे पस्तीस तास सुद्धा नाहीत. हा हिशोब तिच्या सरांच्या हजेरी वहीतून घेतला आहे.

15 ऑक्टोबरच्या रात्री जेवणं झाल्यावर ती ओट्यावर दिव्याखाली डावा शूज उलटा धरून बसली होती. मला म्हणाली, ‘बाबा, हे बघा, इथं मऊ लागतंय.’ मी अंगठा फिरवला. पायाच्या अंगठ्याच्या बुडाखाली, साधारण पाच रुपयांच्या नाण्याएवढ्या जागेत, नक्षी पार गेली होती. टायरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर गोटा झाला होता. त्या गोट्याच्या मधोमध रबरही संपलं होतं आणि आतला पांढरा फोम दिसत होता, नखाने टोकरला तर त्याचा भुगा निघत होता. डावा पाय हा तिचा पिव्होटचा पाय. चेंडू हातात आला की त्याच जागेवर सगळं वजन टाकून ती गरकन फिरते, आणि ले-अपला, म्हणजे धावत जाऊन जवळून चेंडू बास्केटमध्ये टाकताना, उडी घेते तीही त्याच पायावरून. उजव्या शूजला त्याच जागी नक्षीची फक्त खूण शिल्लक आहे.

दुसऱ्या दिवशी मी दोन्ही शूज दुकानात नेले. ट्रेड, म्हणजे टायरची नक्षी, किती खोल उरली ते मोजायचं डेप्थ गेज लावलं. टाचेच्या कडेला, जिथे फारसा भार येत नाही, तिथे खोली अजून 3 मिलिमीटर आहे. म्हणजे नव्याची खोली तेवढी धरायला हरकत नाही. पंजाच्या बाहेरच्या कडेला ती 1 मिलिमीटरच्या आत आली आहे आणि अंगठ्याखाली शून्य. मग कडकपणा मोजणारा ड्युरोमीटर लावला, शोअर ए स्केलचा. त्यात आकडा जितका मोठा, तितकं रबर कडक. आपल्या शूजचं रबर 54 ते 56 भरलं. तिचे जुने, नऊ महिने चाललेले शूज 67 ते 69. ट्रकच्या टायरवर मी जे ट्रेड चढवतो ते 65 च्या आसपास असतं.

नुसत्या कडकपणावर झीज ठरत नाही, हे मला माहीत आहे. रबरात काय भरलंय यावर ती जास्त ठरते. टायर काळा असतो तो कार्बन ब्लॅक या काजळीसारख्या पुडीमुळे. ते घातल्यावर रबराला जो चिवटपणा येतो, त्यावर टायर हजारो किलोमीटर काढतो. आपल्या शूजचा सोल पारदर्शक, निळसर काचेसारखा आहे. दिसायला फार सुंदर, मुलीला तो आवडला तो त्यासाठीच. पण पारदर्शक रबरात कार्बन ब्लॅक घालताच येत नाही, घातलं की ते काळं होणार. त्यात दुसरं भरण घालावं लागतं. पारदर्शक सोल आहे म्हणून तो टाकाऊ, असं मी म्हणणार नाही. मऊ आणि पारदर्शक अशा दोन्ही गोष्टी एकत्र आल्या, वर नक्षीही बारीक, आणि तो सोल खडबडीत सिमेंटवर गेला, की जे व्हायचं तेच झालं. आमच्या कोर्टावर वरचं सिमेंट उडून बारीक खडी वर आली आहे. ते पॉलिश पेपरसारखं काम करतं. दुपारी कोर्ट तापलं की मऊ रबर आणखी मऊ पडतं.

लाकडी कोर्टावर हेच रबर उत्तम चालत असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. अमेरिकेत एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे बहुतेक सामने मेपलच्या लाकडी फळ्यांवर होतात. गुळगुळीत, पुसलेल्या लाकडावर मऊ रबर घट्ट धरतं, तिथे कडक सोल घसरेल. मुलीने मला दाखवलं की तिथला खेळाडू स्टीफन करी याच्या नावाने 2020 मध्ये आलेल्या शूजला तळाला वेगळं रबरच नव्हतं, नुसता फोम होता. तो लाकडासाठीच. उघड्या कोर्टासाठी जाड, कडक रबराचा, खोल नक्षीचा सोल लागतो, आणि काही कंपन्या एकाच शूजच्या तशा वेगळ्या आवृत्त्या काढतातही. तेव्हा हा फरक आपल्या धंद्यात कुणाला ठाऊक नाही असं नाही.

शूज बाकी चांगले आहेत, तेही लिहितो, कारण तक्रार करायची म्हणून सगळंच वाईट म्हणणं मला पटत नाही. टाच आत हलत नाही. मधला भाग पिळून पाहिला, पिळला जात नाही, म्हणजे कमानीखाली पट्टी दिली आहे ती नीट बसवली आहे. पंजाच्या बाहेरच्या बाजूला सोल थोडा पसरट काढला आहे, त्यामुळे आडवी धाव घेताना पाय कलंडत नाही. उडी मारून खाली आल्यावर गुडघ्याला धक्का कमी बसतो असं ती स्वतः सांगते. एवढं सगळं ज्यांना जमलं, त्यांना ‘हा लाकडी कोर्टाचा शूज आहे’ एवढी ओळ छापायला काय अडचण होती? ती असती तर मी हे घेतलेच नसते, आणि आपल्याच दुकानातला दुसरा, बाहेरच्या कोर्टाचा शूज घेतला असता.

माझ्या दुकानात उसाच्या ट्रॉलीवाला येतो, खडीच्या डंपरवाला येतो, पुणे-बेंगलोर हायवेला रात्रंदिवस धावणारा येतो. टायर पुढ्यात टाकला की माझा पहिला प्रश्न असतो, गाडी कुठल्या रस्त्याला आहे? डंपरला हायवेची नक्षी चढवून दिली तर तो महिन्याभरात परत येईल, आणि तेव्हा ‘नेहमीच्या वापरातली झीज’ असं मी त्याला सांगू शकणार नाही. आपल्याला तर रस्ता विचारावाही लागला नाही, मी आपण होऊन सांगितला होता. आणखी एक गोष्ट. कारच्या टायरच्या खाचांत झिजेची खूण असते. ट्रेड 1.6 मिलिमीटरवर आलं की ती खूण वरच्या रबराला भिडते आणि टायर बदलायला झाला हे कुणालाही कळतं. नववीतली मुलगी ज्यावर उड्या मारते त्या सोलला अशी कुठलीच खूण नाही. फोम बाहेर आला तेव्हा आम्हाला कळलं.

आता दुखापतीबद्दल. 11 ऑक्टोबरला सराव सामन्यात ती डाव्या पायावर वळताना घसरली आणि घोटा मुरगळला. डॉक्टरांनी लिगामेंट ताणलं गेल्याचं सांगून तीन आठवडे खेळ बंद ठेवला. विभागीय स्पर्धेला ती संघाबरोबर गेली, किट घालून बाकावर बसली आणि परत आली. घसरली ती फक्त सोलमुळेच, असं मी लिहून देणार नाही. कोर्टावर धूळ होती. पण सप्टेंबरच्या अखेरीपासूनच ती खेळ थांबला की सोलवर तळहात फिरवून धूळ पुसत होती, कारण मऊ रबराला धूळ चिकटत होती आणि नक्षी राहिली नव्हती. त्या दिवशी त्या जागी ग्रिप नव्हती एवढं मी खात्रीने सांगू शकतो.

याच संदर्भात आपल्या प्रतिनिधीचं दुसरं वाक्य. कमी उंचीचे आणि घोट्यापर्यंत येणारे असे दोन प्रकार होते. ‘हाय-टॉप घ्या सर, पाय मुरगळणार नाही’ असं त्यांनी लिहिलं, म्हणून आम्ही 1,100 रुपये जास्त देऊन ते घेतले. फिजिओथेरपिस्ट मॅडमनी सांगितलं की 1993 साली अमेरिकेत कॉलेजच्या सहाशेहून जास्त बास्केटबॉल खेळाडूंवर यासाठी अभ्यास झाला होता, आणि उंच व कमी उंचीच्या शूजमध्ये घोटा मुरगळण्याच्या प्रमाणात ठळक फरक आढळला नव्हता. घोट्याच्या स्नायूंचे व्यायाम आणि तोल सांभाळण्याचा सराव, हाच त्यांचा सल्ला आहे. तो ती आता रोज सकाळी करते, एका पायावर उभी राहून. ‘मुरगळणार नाही’ असं खात्रीचं वाक्य आपल्या माणसांनी कुणालाही लिहू नये.

माझं मागणं सरळ आहे. 9,599 रुपये माझ्या खात्यात परत करावेत. त्याच मॉडेलचा दुसरा जोड मला नको, तो जानेवारीपर्यंत असाच होईल. डॉक्टरांचा आणि फिजिओथेरपीचा खर्च मी मागत नाही. दुसरं मागणं मला पहिल्याइतकंच महत्त्वाचं वाटतं. या शूजच्या पानावरून ‘सर्व प्रकारच्या कोर्टसाठी’ हे शब्द काढावेत आणि तो लाकडी कोर्टासाठी आहे असं पानावर आणि खोक्यावर, मराठीत आणि हिंदीतही लिहावं. सांगली, सोलापूर, लातूर, कुठल्याही जिल्ह्यात जा, शाळेची मुलं बहुतेक सिमेंटवरच खेळतात. लाकडी कोर्ट त्यांना बालेवाडीसारख्या ठिकाणी स्पर्धेला गेली तर दिसतं. सोलच्या रबराचा कडकपणा आणि नक्षीची खोली हे दोन आकडे छापलेत तर आणखी चांगलं. टायरवर बोटभर जागेत किती माहिती असते ते एकदा पाहावं.

ऑनलाइन विक्रीच्या 2020 च्या नियमांप्रमाणे तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. माझ्या 18 ऑक्टोबरच्या तक्रारीची पोच मला आलीच नाही, आणि निवारण म्हणून वर सांगितलेल्या दोन ओळी आल्या. वस्तूचं चुकीचं वर्णन करून ती विकणं ही ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवस मी वाट पाहीन. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर नोंद करून जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे अर्ज देईन. अर्ज मी राहतो त्या जिल्ह्यात देता येतो आणि एवढ्या रकमेला शुल्कही नाही.

दोन्ही शूज धुतलेले नाहीत, होते तसे खोक्यात ठेवले आहेत. कुरिअरने ते पाठवायला मी तयार आहे, पण त्याआधी आपल्याकडचा सोल समजणारा माणूस दुकानात आला तर जास्त बरं. गेज आणि ड्युरोमीटर दोन्ही इथेच आहेत, त्यांच्या हातांनी मोजून घ्यावं. सोमवार सोडून कोणत्याही दिवशी सकाळी नऊपासून मी दुकानात असतो.

कळावे,

आपला ग्राहक
(ऑर्डर माझ्याच नावावर आहे)

सोबत : बिलाची प्रत, चॅटचे आणि शूजच्या पानाचे स्क्रीनशॉट, सोलचे गेजसह सहा फोटो, डॉक्टरांची चिठ्ठी, सरावाच्या हजेरीची प्रत