ओढून काढलेल्या वासराचे पहिले सहा तास

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गाय अडली की गोठ्यातील सर्वांचे लक्ष गाईकडे लागते आणि वासरू एकदाचे बाहेर आले की संकट टळले असे मानले जाते. वासराच्या दृष्टीने मात्र खरी अडचण तेथूनच सुरू होते, आणि तिची दखल आपल्याकडे फारशी घेतली जात नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

सहज जन्मलेले वासरू काही मिनिटांत छातीवर सावरून बसते, साधारण तासाभरात उभे राहते आणि आपणहून आचळ शोधते. प्रसूती लांबली, नाळ दाबली गेली, की वासराला प्राणवायू कमी पडतो आणि त्याच्या रक्तातील आम्लता वाढते. असे वासरू जिवंत असले तरी सुस्त असते. त्याची जीभ व डोके सुजलेले असते आणि चोखण्याची ओढ मंदावलेली असते. दोरी लावून जोराने ओढले असेल, तर बरगड्या मोडण्याचीही भीती असते. शस्त्रक्रियेने काढलेल्या वासराचे थोडे वेगळे आहे. कळा सुरू होण्याआधीच शस्त्रक्रिया झाली, तर फुप्फुसांना श्वासासाठी तयार करणारी संप्रेरके पुरेशी स्रवलेली नसतात आणि फुप्फुसांतील पाणी मागे राहते. तरीही, तासन्‌तास ओढाताण करून काढलेल्या वासरापेक्षा वेळेवर शस्त्रक्रियेने काढलेले वासरू अधिक तरतरीत असू शकते, हे शेतकऱ्यांना स्पष्ट सांगितले पाहिजे. पाणमोट (गर्भाभोवतीची पाण्याची पिशवी) दिसल्यावर दोन तासांत प्रसूती पुढे सरकली नाही, तर गावातली चार माणसे जमवण्याऐवजी पशुवैद्यांना बोलावणे योग्य.

गाईची वार (गर्भाला गर्भाशयाशी जोडणारे आवरण) रोगप्रतिकारक द्रव्ये गर्भापर्यंत पोहोचू देत नाही, त्यामुळे प्रत्येक वासरू जवळपास संरक्षणाविना जन्मते. ते संरक्षण चिकातूनच, म्हणजे व्याल्यानंतरच्या पहिल्या दुधातूनच मिळते. तो शोषून घेण्याची आतड्यांची क्षमता पहिल्या सहा तासांत सर्वांत चांगली असते आणि चोवीस तासांत जवळजवळ संपते. ज्याला उभे राहता येत नाही, नेमके तेच वासरू हा वेळ गमावते आणि पुढे हगवण किंवा न्यूमोनियाला बळी पडते. त्याला छातीवर बसवावे, अंग कोरडे पुसावे (आपल्या पावसाळ्यात तर हे फारच आवश्यक आहे), नाळेला आयोडीन लावावे आणि चीक पिळून बाटलीने पाजावा. पहिल्या दिवसात त्याच्या वजनाच्या सुमारे एक दशांश इतका चीक पोटात जायला हवा. खरवसाचा विचार त्यानंतर करावा. वासराला मागील पायांनी उलटे टांगण्याची प्रथाही सोडावी, कारण त्याने पोटातील अवयवांचा भार छाती व पोट यांमधल्या पडद्यावर येऊन श्वास अधिकच अडतो.

दुभती जनावरे घेण्यासाठी मदत देणाऱ्या गोवा सरकारच्या कामधेनू योजनेच्या साहाय्याने अनेकांनी संकरित गाई घेतल्या आहेत. लहान चणीच्या श्वेत कपिलेला (गोव्याच्या देशी गाईला) किंवा पहिलारू कालवडीला थोराड जातीच्या वळूचे वीर्य दिले, तर गाय अडण्याची शक्यता वाढते, हे रेतनाच्या वेळीच समजावून सांगायला हवे.

पशुसंवर्धन खात्याला माझी विनंती आहे की, वासराच्या नोंदीत जन्म सहज झाला, ओढून झाला की शस्त्रक्रियेने झाला, हे लिहिले जावे आणि पहिला चीक किती वाजता पाजला याचीही नोंद व्हावी. दूध संस्थांनी चिकाची बाटली आणि बोंडले सभासदांना उपलब्ध करून दिले, तर रात्रीअपरात्री विणाऱ्या गाईंच्या वासरांनाही वेळेत चीक पाजता येईल.

आपला विश्वासू,
एक दूध उत्पादक, सत्तरी, गोवा