देव बरें करूं, पुता

प्रिय पुता,

तुझं नाव मला माहीत आहे, पण इथं लिहीत नाही. तुला ते आवडणार नाही. इंत्रुजाच्या, म्हणजे आपल्या गोव्याच्या कार्निव्हलच्या, त्या संध्याकाळी लोक मोबाइल काढून फोटो घ्यायला लागले तेव्हा तू ट्रॅक्टरच्या मागं जाऊन उभा राहिलास, ते मी बघितलं होतं. आपण भेटलो की बोलतो कोंकणीत, पण लिहायला बसले की माझ्या हाताला मराठीच येते. आमच्या घरात आरत्या मराठीत, पत्रंही मराठीत. तू शाळेत देवनागरी शिकलास, वाचशील. कुठं अडलंस तर गडग्याशी, आमच्या दगडी कुंपणाशी, ये, वाचून दाखवीन.

इंत्रुज संपला, करेज्म, म्हणजे ईस्टरआधीचे उपासाचे दिवस, लागला, आणि हे आभाराचं पत्र रोज लिहायला घेऊन रोज राहून जात होतं. लिहायला बसले की डोळे भरून यायचे. आज मात्र लिहून टाकतेच.

वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी सांगते. शापाय म्हणजे आजोबा. आमच्या शेजारचे शापाय ख्रिस्ती, आम्ही हिंदू, मध्ये एक गडगा आणि एक फणस. तरुणपणी ते तारवटी होते, बोटीवर काम करायचे. पण इंत्रुजाच्या तीन दिवसांत घरी असले की काय व्हायचं ते आमच्या सासष्टी तालुक्यातल्या जुन्या माणसांना विचारा. शापाय खेळ बसवायचे. अंगणाअंगणांत जाऊन करायचे ते खेळ. रंगमंच नाही, पडदा नाही, बायकांची कामं पुरुषच करायचे, आणि गावातल्या कुठल्या भाटकारानं, म्हणजे जमीनदारानं, कुणाचा बांध सरकवला ते सगळं त्या खेळात यायचं. भाटकार पुढच्या खुर्चीवर बसून ऐकायचा आणि त्याला हसावंच लागायचं. साथीला घुमट, म्हणजे मातीच्या मडक्याच्या एका तोंडाला कातडं बांधलेलं वाद्य. ते शापायच वाजवायचे.

मी नऊ वर्षांची असताना आमच्या घरी चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आरतीला पुरुष घुमट वाजवायला बसले होते. मी हात लावला तर काका ओरडले, मुलीनं घुमट मांडीवर घ्यायचं नसतं. दुसऱ्या दिवशी शापायनी गडग्यावरून आपलं घुमट माझ्या मांडीवर ठेवलं. उजव्या हातानं कातड्यावर थाप आणि डाव्या तळव्यानं मागचं तोंड उघडायचं, झाकायचं. झाकलं की आवाज पोटात जातो, उघडलं की अंगणभर होतो. वाजवायचं कसं, ते एवढंच त्यांनी सांगितलं. बाकी सगळं मी त्यांच्या तळव्याकडे बघून शिकले. आज आमच्या बायकांचं घुमट आरतीचं पथक आहे, ते त्या दुपारी सुरू झालं असं मी मानते.

तर असा हा माणूस. आणि आता जे लिहिणार आहे ते तुला माहीत नसेल.

काही वर्षांपूर्वी इंत्रुजातल्या एका मोठ्या मिरवणुकीवाल्यांनी शापायना बोलावलं होतं. कुठल्या ते सांगत नाही. शनिवारी पणजी, मग मडगाव, वास्को, म्हापसा, आणि आता तर गावोगाव मिरवणुका निघतात, त्यातलीच एक समजा. चित्ररथावर ‘पारंपरिक वाद्य’ अशी पाटी लावली आणि तिच्याखाली सोड्याच्या उलट्या क्रेटवर शापायना बसवलं. पुढच्या ट्रकवर जाहिरातदाराचे भोंगे, एकेक माणसाएवढा. शापाय भर उन्हात चार तास घुमट वाजवत होते आणि ते कुणालाच ऐकू येत नव्हतं, त्यांनासुद्धा. त्यांनी भोंगा जरा कमी करायला सांगितलं तर गळ्यात ओळखपत्र घातलेला एक माणूस म्हणाला, “काका, नुसते हात हलवत राहा, फोटोत छान दिसतंय.”

आणि शापायनी हलवले, रे. उरलेला रस्ताभर त्यांनी नुसते हात हलवले. मी रस्त्याच्या कडेला होते. मला थाप दिसत होती आणि कातड्याला हात लागत नाही हे कळत होतं. घरी येऊन त्यांनी घुमट खुंटीला अडकवलं, ते पुढच्या चवथीलाही काढलं नाही.

२०१९ साली सरकारनं घुमटाला गोव्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं. पेपरात फोटो आले, आम्ही गोड केलं घरी. वाद्याला मान मिळाला, त्याचा आनंद आजही आहे. पण वाजवणाऱ्यांच्या दारात कोण आलं? कलाकाराच्या मानधनासाठी मी शापायचा अर्ज भरून एका कार्यालयात नेला, तर तिथं पेपरातली कात्रणं मागितली. पन्नास वर्षं जो लोकांच्या अंगणात उभा राहिला त्याची कात्रणं कोण ठेवणार? आणि एकदा कुठल्याशा सत्कारात मानपत्र मिळालं ते देवनागरीत आणि इंग्रजीत. शापाय आयुष्यभर रोमीत, म्हणजे रोमन लिपीत, कोंकणी वाचत आले. स्वतःचं मानपत्र त्यांनी माझ्याकडून वाचून घेतलं.

म्हणून तुम्ही पोरं यंदा वाड्याच्या इंत्रुजाला शापायना मिरवणुकीचा राजा करायचं म्हणत आलात, तेव्हा मीच आधी नको म्हटलं होतं. तुला राग आला असेल. मला ती क्रेट आठवत होती.

पण शापाय हो म्हणाले, आणि का म्हणाले ते मला माहीत होतं. त्यांची एक गोष्ट आहे, लहानपणापासून मी शंभरदा ऐकलेली. बोटीवर असताना ते अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या बंदराला लागले होते. तिथंही आपल्यासारखाच कार्निव्हल, करेज्मच्या आधी. तिथले मोठे राजे श्रीमंतांच्या मंडळांचे, पण काळ्या माणसांचं स्वतःचं एक मंडळ आहे, झुलू नावाचं, आणि ते मिरवणुकीतून नारळ वाटतात. नारळ! हे सांगताना शापाय दर वेळी मांडीवर थाप मारायचे. आणि १९४९ साली त्या मंडळानं आपला राजा केला लुई आर्मस्ट्राँगला. त्याच शहरातल्या गरीब वस्तीत वाढलेला, ट्रम्पेट वाजवणारा माणूस. तो म्हणाला होता की हे एकदा झालं की मी मरायला तयार आहे. गोदीतल्या हमालांनी शापायना हे सांगितलं, आणि शापाय ते आम्हाला सांगताना शेवटी एकच वाक्य बोलायचे, “थंय वाजपी राजा जाता.” तिथं वाजवणारा राजा होतो.

आपल्याकडे चित्ररथांचा कार्निव्हल १९६५ मध्ये पणजीत सुरू झाला, तिमोतियो फर्नांडिस पहिले किंग मोमो, म्हणजे कार्निव्हलचे राजे, झाले. तेव्हापासून कितीतरी राजे झाले, हसतमुख, उमदी माणसं, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ज्या इंत्रुजाला अंगणातल्या खेळांनी जिवंत ठेवलं, ते खेळ करणारी माणसं मुकुटाच्या जवळपास तरी येतात का? चांदर गावात मुसळं घेऊन नाचायचा मुसळ खेळ आजही इंत्रुजात घरोघर होतो, तिथं नाचणाऱ्यांचा मान टिकून आहे. बाकी ठिकाणी ती माणसं कुठं बसतात, तर पाटीखाली.

तुम्ही सगळं कसं ठरवलंत, वर्गणी किती जमली, परवानगी कुणी आणली, त्यात मी जात नाही. मला एका गोष्टीबद्दल लिहायचं आहे.

संध्याकाळ झाली होती. ट्रॅक्टर सजला होता, शापायच्या डोक्यावर पुठ्ठ्याचा सोनेरी मुकुट, मांडीवर घुमट. फेब्रुवारीतलं दव पडायला लागलं होतं. शापायनी एक थाप मारली आणि आवाज आला, धप्प. कातडं गारठलं होतं. पूर्वी घोरपडीचं कातडं असायचं, वन्यजीव संरक्षणाच्या १९७२च्या कायद्यानंतर ते बंद झालं ते बरंच झालं, पण हे बकरीचं कातडं दवानं लगेच सैल पडतं. शापायनी दुसरी थाप मारली नाही. ते काही बोललेही नाहीत. मुकुट घातलेला माणूस समोर सगळा वाडा उभा असताना आपलं वाद्य उतरलंय हे कसं सांगणार? त्यांनी फक्त तळवा कातड्यावर ठेवला, ऊब देता येते का बघायला.

ते मी बघितलं. आणि तू बघितलंस.

तू कुणाला काही विचारलं नाहीस. गोठ्याकडे गेलास, मूठभर पेंढा घेऊन आलास, गडग्याच्या कडेला रंगाच्या रिकाम्या डब्यात तो पेटवलास. मग शापायपुढे दोन्ही हात पसरलेस आणि त्यांनी घुमट तुझ्या हातात दिलं. मला सुद्धा त्यांनी ते पहिल्यांदा दिलं तेव्हा तीनदा बजावलं होतं. तुला एक शब्द बोलले नाहीत. तू ज्वाळेपासून वीतभर लांब धरून ते फिरवत होतास. घाई केली तर कातडं तडकतं, हे तुला कुणी शिकवलं? मध्येच कानाशी नेऊन बोटानं टकटक करायचास, परत फिरवायचास. मागून कुणीतरी ओरडला, उशीर होतोय, चला. गाणी लावणाऱ्यानं बटण दाबलं. तू मान वर न करता म्हणालास, “राव. राजा आजून तयार ना.”

थांब. राजा अजून तयार नाही.

गाणं बंद झालं. सगळा वाडा गप्प उभा राहिला, पाच मिनिटं तरी असेल. पेंढा तडतडत होता तेवढाच आवाज. मग तू घुमट दोन्ही हातांनी परत दिलंस, शापायनी थाप मारली, आणि ते जे घुमलं ना, ते मी गेल्या कितीतरी वर्षांत ऐकलं नव्हतं. माझ्या शेजारी शापायची सून उभी होती, तिनं माझं मनगट धरलं ते मिरवणूक निघेपर्यंत सोडलं नाही.

राजानं वाचायच्या हुकूमनाम्याचा कागद तू मोठ्या अक्षरात रोमीत लिहिला होतास, तेही मी बघितलं. शापायनी तो चष्म्याशिवाय वाचला, “खा, पिये आनी मजा कर”, आणि वाड्यातल्या पोरांनी आरोळी ठोकली. त्यापुढचं मला फारसं आठवत नाही. मी रडत होते.

मी आयुष्यात पुष्कळ सत्कार बघितले. शाल, नारळ, भाषणं, आणि सत्कारमूर्तीला काय हवंय ते कुणी विचारत नाही. चांगुलपणा मला वाटतं असाच असतो, तुझ्या त्या हातांसारखा. समोरच्याला मागावं लागण्याआधी ज्याला दिसतं तो माणूस. अशी माणसं आपल्याकडे आहेत, रे. चवथीला माटोळीला, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या सजावटीला, हात लावायला येतात ती, कुणाच्या घरी मयत झालं तर न सांगता पेज घेऊन येणारी. त्यांची नावं कुठल्याच पाटीवर नसतात. तू त्यांच्यातला आहेस हे तुझ्या आईला सांग, माझ्याकडून सांग.

शापाय बरे आहेत. करेज्म आहे म्हणून घुमट खुंटीला आहे, आणि त्याच खुंटीला मुकुट आहे. सून म्हणाली मुकुट कपाटात ठेवूया, धूळ बसेल, तर नको म्हणाले. काल मी गडग्यावरून विचारलं, चवथीला आरतीला याल ना? म्हणाले, येईन, पण पावसाळ्यात कातडं लगेच उतरतं, त्या भुरग्याला बोलाव.

तेव्हा पुता, चवथीला ये. पहिल्या दिवशी संध्याकाळी, सातच्या आधी. पेंढा आमच्याकडे आहे.

तुझी,
गडग्यापलीकडची माय